न उचललेलं प्रस्थान

आमच्या घराण्यातला पुरुष परमुलखात पडला तर त्याला अग्नी तिथंच देतात, पण पागोटं घरी येतं. माझ्या आजेसासऱ्यांचं आलं. चुलतसासरे पहिल्या जर्मन लढाईत गेले, त्यांचंही सहा महिन्यांनी आलं, पुड्यात बांधून, लाखेची मोहर लावून. पागोटं पाटावर ठेवायचं, शेजारी दक्षिणेकडं वात करून दिवा लावायचा आणि मग रडायचं. त्याच्या आधी नाही. पागोटं यायच्या आत गळा काढणाऱ्या बाईला आमच्यात कुणी शहाणी म्हणत नाही.

माझ्या मुलाचं, सूर्याजीचं, काहीच आलं नाही. एक इंग्रजी कागद आला.

सन बावन्नचा चैत्र होता. कागद माझ्या सुनेनं वाचला. कुमुदिनी तिचं नाव, मॅट्रिक झालेली, तेव्हा तेवीस वर्षांची. वाचून ती खांबाला धरून खाली बसायला लागली. मी म्हटलं, "काय लिहिलंय ते शब्दाला शब्द सांग, मग बस." तिनं सांगितलं. फेब्रुवारीत भूमध्य समुद्रात, क्रीट नावाच्या बेटाच्या खाली वादळ झालं. बोट बुडाली. अकरा माणसं दुसऱ्या बोटीनं उचलली, बाकीची सापडली नाहीत. बाकीच्यांत सूर्याजी.

"सापडली नाहीत, असंच लिहिलंय ना?"

"हो, आत्याबाई."

"मेली, असं नाही लिहिलं."

"त्याचा मतलब तोच होतो."

"मतलब तू काढू नकोस. सापडला नाही तर शोधा म्हणावं. आणि कुंकवाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

तिनं नाही लावला. पुढल्या वर्षी तिचे वडील विश्वासराव उज्जैनहून आले. शास्त्रीबुवांना विचारून आले होते. प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणाले, म्हणजे पोरीची निदान टांगती अवस्था तरी संपेल. मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला आणि म्हटलं, "विश्वासराव, माझ्या पोटी गवत जन्मलं नव्हतं." ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, पुन्हा आलेही नाहीत.

घोड्यावर बसणाऱ्या घरातला मुलगा पाण्यात कसा गेला, असं लोक विचारायचे. विचारणाऱ्यांना माहीत असायचं, तरी विचारायचे. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, फौज दिल्लीच्या फौजेत गेली, आणि कुणाला ठेवायचं नि कुणाला घरी धाडायचं याच्या याद्या झाल्या. सूर्याजीचा रिसाला मोडला. घोडी कुठं कुठं गेली. त्याची अबलख घोडी मुरारकडच्या कुणा ठेकेदाराच्या टांग्याला लागली. ती एकदा बाड्यावरच्या चौकात दिसली तर हा रस्त्यातच उभा राहिला, आणि घोडीनं ओळखून मान वळवली. त्या दिवशी तो जेवला नाही. वर्षभर मोटारीच्या कारखान्यात तेलात हात घालून काढलं, मग मुंबईच्या एका दोस्ताच्या ओळखीनं मालाच्या बोटीवर जागा मिळवली. बोटीच्या पोटात, भट्टीपाशी, कोळसा ओढायची. शिलेदाराचा नातू भट्टीपाशी. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

न बोलता का होईना, प्रस्थान मात्र ठेवलं. मुहूर्त सोमवारचा निघाला होता आणि गाडी बुधवारची. अशा वेळी जाणाऱ्याचं एक वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात. मग खरोखर निघेल तेव्हा त्यानं ते गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढं जायचं, घराकडं वळायचं नाही. आम्ही ते खासगी बाजारात शांताताईंकडं ठेवलं. शांताताई माझी लांबची जाऊ.

बुधवारी सूर्याजी ते गाठोडं न उचलता गेला. का गेला, ते मला ठाऊक होतं. सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

यंदा पुन्हा राज्य मोडलं. एक नोव्हेंबरपासून मध्य भारत नाही, नवीन राज्य, राजधानी भोपाळ. आठ वर्षांत दुसऱ्यांदा लष्करातल्या, म्हणजे आमच्या ह्या गावातल्या, कचेऱ्यांच्या पाट्या उतरायच्या होत्या. कुमुद मोतीमहालातल्या कचेरीत कारकून होती. तिथं दसऱ्यापासून फायली पेट्यांत भरणं चाललं होतं, आणि फायलींबरोबर माणसंही.

एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझंही नाव आलंय. तीस तारखेला निघायचं."

"नाही म्हणून सांग."

"नाही म्हटलं तर नौकरी जाते."

"जाऊ दे. आणि तो आला तर? दार कोण उघडणार?"

लाटणं थांबलं. "तुम्हीही चला न माझ्यासोबत. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळून राहिलंय."

"मी वेगळं विचारलं."

"मला समजलं तुम्ही काय विचारलं ते." तिनं पोळी तव्यावर टाकली. माझ्याकडं पाठ करूनच बोलली. "काय केलं म्हणजे तुम्ही मानाल, आत्याबाई? एकदा सांगून तर टाका. मी सत्तावीस वर्षांची झाले."

सून म्हणून आल्यापासून ती मला असं बोलली नव्हती. मला राग यायला हवा होता, पण आधी भीती वाटली. ती गेली की घरात मी आणि देव, एवढेच उरणार होतो. सूर्याजीचं नाव पुढं करून मी तिला धरून ठेवत होते, हे मला कळत नव्हतं असं नाही.

"जागा दाखव," मी म्हटलं. "पानिपतात कोण कुठं पडला ते दाखवता येतं. माझा मुलगा कुठं पडला ती जागा दाखव, आणि मग खुशाल उंबरा ओलांड."

मला वाटलं गप्प बसेल. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, "दाखवते. रविवारी तयार राहा."

सरदार जयसिंहरावांची कोठी फूलबागेच्या पलीकडं. त्यांचे आजोबा विलायतेकडं तीनदा जाऊन आले होते. बाकीचे सरदार तिकडून कुत्री आणि मोटारी आणायचे. यांनी त्याच भूमध्य दर्याच्या काठच्या जुन्या गावांतून मडकी, दिवे, नकाशे असला संसार आणला, पाचशे-सातशे वर्षांपूर्वीचा, आणि तळमजल्यावर काचेच्या कपाटांत मांडला. जहागीर गेली तशी कोठी सरकारला दिली. आतलं सामानही आता भोपाळला जायचं होतं. तोवर महिनाअखेरपर्यंत लोकांना पाहायला उघडं होतं. गावात त्याला अजायबघर म्हणत, कुणी जात मात्र नसे.

टांगेवाला म्हणाला, "वहाँ क्या देखोगी माँजी, हाथी-घोड़े तो सब पहले ही बिक गए."

"तू घोडा बघ. त्याच्या मागच्या पायाचा नाल ढिला आहे," मी म्हटलं. त्याला मराठी कळलं असावं. त्यानं वाकून घोड्याच्या पायाकडं पाहिलं.

दारात भालचंद्रपंत भेटले. तीस वर्षं ह्या वस्तूंची राखण त्यांनीच केली होती. किडकिडीत, वाकलेले, कोटाची बटणं वेगवेगळ्या रंगांची. कुमुदनं त्यांना आधी सांगून ठेवलं असणार, कारण त्यांनी फार विचारलं नाही.

"या आईसाहेब. पुढल्या आठवड्यात आला असता तर नुसत्या पेट्या दिसल्या असत्या."

"तुम्हीही जाणार का सामानाबरोबर?"

"सामानाची यादी झाली, त्यात मी नाही." ते हसले. "मडकं सातशे वर्षांचं चालतं. माणूस छप्पन्नचा चालत नाही."

आत थंडावा होता आणि ओल्या गवताचा वास. पेट्यांत भरायचा पेंढा कोपऱ्यात रचला होता. पहिल्याच चौथऱ्यावर एक उंच रांजण, दोन कानांचा, खालून निमुळता, लोखंडी कड्यात उभा केलेला. त्याच्या अंगावर शिंपले चिकटलेले, आणि दगडी किड्यांनी वेडीवाकडी नक्षी केलेली. मी हात लावला. शिपाई ओरडला, "माताजी, हाथ मत लगाना." भालचंद्रपंतांनी त्याला हातानंच थांबवलं.

"हा दर्यातून काढलेला," ते म्हणाले. "यात दारू भरून नेत. नाव बुडाली, रांजण तळाशी बसला. कोळ्यांच्या जाळ्यात आला तेव्हा तोंडाचं बूच अजून घट्ट होतं."

"किती वर्षं खाली होता?"

"सहाशेच्या वर."

"आणि वर आला."

"आला."

"बरोबरची माणसं?"

पंतांनी रांजणाच्या कड्यावरची धूळ पुसली. शिंपल्याच्या कडेनं माझं बोट जरा खरचटलं होतं. मी पदरात दाबून धरलं. कुमुदनं पाहिलं.

पुढच्या कपाटात एक पसरट मातीचं ताट होतं, पांढऱ्यावर निळं-हिरवं, आणि मधोमध तीन शिडांची नाव. असली ताटं तिकडचे लोक देवळाच्या भिंतीत बसवत, म्हणाले, बाहेरच्या अंगानं, ऊन पडून चमकावी म्हणून. ताटं घडवणारे मुसलमान कुंभार, देऊळ किरिस्तावांचं, दोघांच्या मध्ये लढाया चाललेल्या आणि व्यापारही चाललेला.

"त्यात नवल काय," मी म्हटलं. "आमच्या शेजारणीशी माझं दहा वर्षं बोलणं नाही, पण विरजण तिच्याकडूनच येतं."

पंत मोकळेपणी हसले. "असंच, आईसाहेब. आणि माल कुठला माहीत आहे? आपल्याकडची मिरी. मलबारातून निघायची, अरब न्यायचे, मग मिसरच्या बंदरातून ह्या नावांवर. ह्या दर्याकाठच्या शहरांनी आपल्या मिरीवर संगमरवरी वाडे बांधले."

"म्हणजे आपली मिरी पोचायची."

"पुष्कळदा."

नंतरची वस्तू मला त्यांनी दाखवली नसती, असं वाटतं. ते पुढं निघाले होते, मीच थांबले. हातभर लाकडी फळी. तिच्यावर काळं पाणी, लाटा डोंगराएवढ्या, कललेली नाव, डोलकाठी मोडलेली, आणि चार-पाच माणसं हात वर करून उभी. वरच्या कोपऱ्यात ढगात एक बाई, मांडीवर मूल. चित्र काही फार चांगलं नव्हतं. माणसांचे हात नावेपेक्षा लांब काढले होते.

"ही कोण? देवी?"

"त्यांची. येशूची आई. वादळात सापडले की खलाशी तिला नवस बोलत, आणि जिवंत परतले की असली फळी रंगवून घेऊन तिच्या देवळात टांगत."

हे मला समजलं. आमच्याकडं देवीला चांदीचा पाळणा वाहतात, डोळे आले तर चांदीचे डोळे. साडेचार वर्षांत पहिल्यांदाच मला त्या लांबच्या लोकांत कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. "म्हणजे असल्या वादळातून माणसं येतात परत," मी कुमुदला म्हटलं. जरा ठसक्यातच म्हटलं. "बघ."

"हो, आत्याबाई."

"किती असतात अशा फळ्या एका देवळात?"

"शेकड्यांनी," पंत म्हणाले. "भिंत दिसत नाही."

मी पुन्हा फळीकडं पाहिलं. ती मोडकी डोलकाठी, ते लांब हात. मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. "आणि ज्यांची माणसं आली नाहीत, त्यांच्या फळ्या कुठं लावतात?"

पंतांनी कुमुदकडं पाहिलं. "त्यांच्या नसतात, आईसाहेब. नवस फेडायला आलेल्यांचीच भिंत ती."

त्यांच्याही आयांनी नवस बोलले असतील, त्याच बाईला, तितक्याच कळवळ्यानं. त्यांची भिंतच नाही. मी पुढं झाले.

शेवटच्या खोलीत नकाशा होता. काचेमागं अख्खं कातडं ताणून लावलेलं, वासराचं, मानेकडचा निमुळता भाग तसाच ठेवलेला. कातड्याची पारख मला आहे. खोगीर, लगाम, तंगाचे पट्टे, सगळं माझ्या डोळ्यांसमोर शिवलं गेलंय. चांगलं कमावलेलं कातडं होतं, पाठीच्या कण्याची रेघ अजून कळत होती.

"यात दर्या कुठला आणि जमीन कुठली?"

पंतांनी दाखवलं. किनाऱ्यानं गावांची नावं अशी दाटीनं लिहिलेली, की गुळाच्या ढेपेला कडेनं मुंग्या लागाव्या. जमिनीचा आतला भाग मात्र कोरा.

"आत माणसं राहत नव्हती?"

"राहत होती. पण खलाशाला त्यांचं काय काम."

"म्हणजे आपलं ग्वाल्हेर ह्यांच्या लेखी नाहीच."

"नाहीच."

माझं लक्ष दर्याकडं गेलं, आणि मला जे दिसलं त्यानं छातीवरचा दगड हलला. सगळ्या दर्यावर रेघा होत्या. बारीक, सरळ, तांबड्या, हिरव्या, काळ्या, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, आणि जागोजाग एकमेकींना मिळालेल्या, जशा चौफुल्या. असले कागद आमच्या घरी होते. ग्वाल्हेरपासून पुण्यापर्यंतचा रस्ता, आणि प्रत्येक मुक्कामाला एक टिंब: इथं पाणी आहे, इथं चारा आहे, इथं घोड्याला विश्रांती.

"कुमुद," मी म्हटलं, "हे बघ. एवढे रस्ते आहेत. आणि ह्या गाठी म्हणजे मुक्काम. कुणी मला सांगितलं का नाही? एखाद्या मुक्कामाला आजारी पडला असेल, नाव सांगता येत नसेल. पंत, ह्या मुक्कामांची नावं उतरवून द्या. कागद धाडू प्रत्येक ठिकाणी."

पंतांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"आईसाहेब, हे रस्ते नाहीत."

"मग काय आहेत?"

"वाऱ्याच्या दिशा. होकायंत्र धरून नाव कुठल्या अंगाला न्यायची ते कळावं म्हणून पट्टीनं ओढलेल्या रेघा. त्यावरून कुणी गेलं असेल, नसेल. दर्यात रस्ता नसतो. नाव पुढं गेली की मागचं पाणी मिटतं."

"आणि ह्या गाठी?"

"रेघा मिळाल्यात एवढंच. तिथं काही नाही."

"खुणेचा दगड? काही?"

"काही नाही, आईसाहेब."

कुमुद पुढं झाली. तिनं काचेवर बोट ठेवलं. नखाच्या कडेला कचेरीची निळी शाई होती. एक लांबट बेट होतं, सुरवंटासारखं आडवं पडलेलं, हिरव्या रंगानं भरलेलं. तिचं बोट त्याच्या जरा खाली होतं.

"इथं, आत्याबाई. याच्या खाली, कुठंतरी."

मी जवळ जाऊन पाहिलं. तिथं एकही रेघ नव्हती. नुसतं कातडं. केस उपटल्याची बारीक छिद्रं तेवढी दिसत होती. मी जागा मागितली होती, तिनं दाखवली. बोटाच्या पेराएवढी जागा. तिथं दगड उभा करता येणार नव्हता, दिवा ठेवता येणार नव्हता. मी काचेला हात जोडले नाहीत. हात जोडावेत असं तिथं काही नव्हतंच.

पंतांनी दारापर्यंत सोबत केली. "ते नकाशाचं कातडं गुंडाळून नेऊ नका म्हणावं भोपाळवाल्यांना," मी त्यांना म्हटलं. "सपाट ठेवून न्या. जुनं कातडं गुंडाळलं की तडकतं."

"सांगतो. ऐकतील का ते माहीत नाही."

टांग्यात बसलो. फूलबाग मागं पडली. टांगेवाल्यानं खरंच घोड्याचा नाल ठोकून घेतला होता. घोडा सरळ चालत होता.

"ते प्रस्थानाचं गाठोडं," मी म्हटलं. कुमुदकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघून बोलले. "ते तो विसरला नव्हता. शांताताईला मी आदल्या दिवशी सांगून आले होते, तो आला तर देऊ नकोस. कपाटाला कुलूप आहे, किल्ली सापडत नाही म्हण. मागं राहिलेली वस्तू माणसाला ओढून आणते, असं माझी आई म्हणायची. प्रस्थान मोडलं तर प्रवासाला विघ्न, असंही म्हणायची. मी त्यातलं मला हवं ते धरलं."

तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्या. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"तो शांताताईच्या ओट्यावर थांबला होता थोडा वेळ. गाडीची वेळ झाली. हसून म्हणाला, राहू द्या काकी, येताना घेऊन जाईन."

"मला मालूम आहे," कुमुद म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"हेच सगळं. शांताकाकींनी सांगितलं होतं, तीन वर्षं झाली. त्यांच्याच्यानं राहवलं नाही."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

टांग्याच्या चाकाखाली खडी वाजत होती. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला न. एक वर्षभर आला. तुमच्या हातचं पाणी प्यायला नको वाटायचं." मग म्हणाली, "नंतर वाटलं, गाठोडं नेलं असतं तरी बोट तीच होती."

ह्या मुलीला मी नऊ वर्षं पोळ्या नीट फुगत नाहीत म्हणून बोलत होते.

बाड्यावर टांगा आमच्या गल्लीकडं वळायला लागला तसं मी टांगेवाल्याला सांगितलं, खासगी बाजार चलो.

शांताताई तांदूळ निवडत बसली होती. आम्हा दोघींना पाहून उठली. "विजयावहिनी, आज इकडं कशा?"

"गाठोडं दे."

तिनं विचारलं नाही कुठलं. भिंतीतल्या कपाटातून काढून आणलं. लाल फडकं विटून विटकरीच्या रंगाचं झालेलं, गाठ मात्र माझीच, दुहेरी. हातात घेताच आतला तांदूळ पिठासारखा सरकला. शांताताई रडायला लागली. मी म्हटलं, "अजून नाही. थांब."

घरी आलो. पाट मांडला. कुमुदला म्हटलं, तू सोड. तिला गाठ सुटेना, मग मी दातांनी सोडली. तांदळाचा किड्यांनी भुगा केलेला. सुपारी पोकळ. हळकुंड तेवढं जसंच्या तसं. आणि त्याच्याखाली जाणाऱ्याचं वस्त्र, घडी घालून मीच ठेवलेलं. सूर्याजीचा रिसाल्यातला फेटा. बोटीवर ह्याचा काय उपयोग, म्हणाला होता, हाच बांधा. एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलं होतं. मी झटकला, तर तेलाचा आणि घोड्याच्या घामाचा वास अजून होता, अगदी थोडा.

मी तो पाटावर ठेवला. दक्षिणेकडं वात करून दिवा लावला.

सहा वर्षं पागोटं बाड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि मी ते येण्याची वाट बघत होते.

मग रडायला हरकत नव्हती. कुमुद रडली, अगदी लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. मला लगेच आलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आपण म्हणू तेव्हा थोडंच येतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसले होते. ते आलं दोन दिवसांनी, ताक घुसळताना, काही कारण नसताना.

कुंकवाचं मी तिला काहीच सांगितलं नाही. पूस म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही. तीस तारखेला सकाळी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. जिथं कुंकू असायचं तिथली कातडी फिकी, बाकीच्या कपाळापेक्षा कोवळी दिसत होती. मी तिथं बघायचं टाळलं आणि तिथंच बघत राहिले.

मुहूर्त काढला नाही. प्रस्थान ठेवलं नाही. दिवाळी तोंडावर होती, गल्लीत पोरं फटाके उडवत होती. तिच्या हातावर दही ठेवलं आणि तिची पेटी टांग्यात चढवायच्या आधी सगळं घर फिरून पाहिलं. खुंटी पाहिली, मोरी पाहिली, गादीखाली हात घातला. टांगा कोपऱ्यावर गेला तेव्हा मला खिडकीत तिची फणी दिसली. ह्या वयात मी गल्लीतून पळाले. लोक बघत होते.

"टांगा थांबव," मी ओरडले.

तिनं वाकून फणी पाहिली. "काय आत्याबाई, एवढ्यासाठी? राहू द्यायची न. मी तिकडं दुसरी घेतली असती."

"नाही. मागं काही ठेवायचं नाही."

"म्हणजे मी परत येऊच नको?"

"यायचं वाटेल तेव्हा ये. ओढून आणलेली नकोस."

तिनं फणी घेतली. माझ्या हाताला जरा धरून ठेवलं, मग सोडलं. "पोचले की लिहिते," म्हणाली.

माणूस गावाला गेलं की त्याच्या मागं केर काढत नाहीत, पोचल्याचं कळेपर्यंत. मी काढला नाही. दिवाळीत घर तसंच होतं. अंगणात रांगोळी नाही, उंबऱ्यात फटाक्यांचे कागद उडून आलेले, ओट्यावर तिची पेटी ओढल्याची रेघ. शेजारीण डोकावून गेली. दहा वर्षांत पहिल्यांदाच बोलली, "घर असं का ठेवलंय?" मी म्हटलं, "आमची माणसं प्रवासात आहेत."

सहाव्या दिवशी पोस्टमन आला. कार्ड होतं, मराठीत, मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून. सुखरूप पोचले. क्वार्टरच्या खिडकीतून तलाव दिसतो, पाणी फार आहे, मी तिकडची खिडकी लावून ठेवते.

मी कार्ड देवाजवळ ठेवलं, फेट्याच्या शेजारी. मग केरसुणी घेतली आणि मागच्या खोलीपासून सुरुवात केली.